कोतळूक ते लंडन: गोपाळ कृष्ण गोखले इंग्रजी कसं शिकले, आणि ॲक्सेंटबद्दल त्यातून आपल्याला काय कळतं

मी राहतो ते वडपे गाव भिवंडीजवळ, मुंबई–नाशिक महामार्गाला लागून आहे. आजूबाजूला गोदामंच गोदामं, आणि त्यांत काम करणारी, शिकता शिकता नोकरी शोधणारी भरपूर मुलं-मुली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कळलं की त्यांच्यातले बरेच जण एकच प्रश्न विचारतात: दादा, ॲक्सेंट सुधारायला कुठलं ॲप चांगलं? इंटरव्ह्यूचा कॉल आला की ही मुलं फोन घेऊन लांब जाऊन उभी राहतात, आपलं इंग्रजी कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. ज्यांना काम उत्तम येतं तीही मीटिंगमध्ये गप्प बसतात.

ॲपचं नाव सांगणं सोपं आहे. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मला, इंग्रजी पुस्तकांतून शिकला, त्याच्या काळात ऐकून शिकायला कसलंही यंत्र हाताशी नव्हतं, आणि तरी लंडनमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना त्यांच्याच भाषेत उत्तरं देऊन आला. नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे: गोपाळ कृष्ण गोखले. गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून आपण त्यांना परीक्षेपुरतं लक्षात ठेवतो. आज त्यांच्याकडे इंग्रजी शिकलेला एक मराठी मुलगा म्हणून बघू.

15 रुपयांतले 8 रुपये

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावातला. घरची परिस्थिती बेताची. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळचं सुरुवातीचं शिक्षण कागलमध्ये झालं आणि पुढचं कोल्हापुरात. 1879 मध्ये वडील वारले तेव्हा तो 13 वर्षांचा होता.

थोरला भाऊ गोविंदराव. त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि महिना 15 रुपयांची नोकरी धरली. त्या 15 मधले 8 रुपये तो धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायचा. म्हणजे गोपाळच्या इंग्रजीचं बिल भावाच्या अर्ध्याहून जास्त पगारातून भरलं जात होतं. असं शिकायला मिळालेला मुलगा वेळ वाया घालवत नाही. 1881 मध्ये तो मॅट्रिक झाला. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं करत 1884 मध्ये, म्हणजे वयाच्या 18 व्या वर्षी, तो बी.ए. झाला.

एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकवायला प्रिन्सिपल विल्यम वर्ड्‌सवर्थ होते. प्रसिद्ध इंग्रज कवी वर्ड्‌सवर्थ यांचे ते नातू. म्हणजे कोकणातल्या मुलाच्या कानावर अस्सल इंग्रजी उच्चार पडला तो कॉलेजात, वर्गात बसून, तासापुरता. तास संपला की संपलं. पुन्हा ऐकायचं तर उद्या.

तेव्हा तंत्रज्ञान कुठे होतं तेही बघा. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं मार्च 1876 मध्ये, तेव्हा गोपाळ दहा वर्षांचाही नव्हता. एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं 1882 मध्ये. आवाज साठवणं आणि लांब पाठवणं दोन्ही जगात सुरू झालं होतं, पण विद्यार्थ्याच्या हातात मात्र फक्त छापील पुस्तक होतं.

पाठांतर: स्वतःचा ट्रेनिंग डेटा

मग गोखल्यांनी केलं काय? पाठांतर. ब्रिटिश वक्ता एडमंड बर्क याचं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक, बेकनचे निबंध, जॉन ब्राइटची भाषणं. यातली पानंच्या पानं त्यांना तोंडपाठ होती. आपल्याला घोकंपट्टी म्हटलं की हसू येतं. पण इथे एक फरक आहे. परीक्षेसाठी उत्तर पाठ करणं वेगळं, आणि भाषेची चाल अंगात मुरावी म्हणून उत्तम मजकूर पाठ करणं वेगळं.

आजच्या भाषेत सांगायचं तर ते स्वतःच्या डोक्यातलं मॉडेल ट्रेन करत होते. कुठल्याही लँग्वेज मॉडेलचं असंच असतं. त्याला व्याकरणाचे नियम कुणी एकेक करून शिकवत नाही. तुम्ही भरपूर मजकूर देता, आणि कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येतो, वाक्य कुठे वळतं, हे त्यातून ते उचलतं. डेटा चांगला असेल तर आउटपुट चांगलं. गोखल्यांनी डेटा अगदी निवडून घेतला होता. त्यामुळे उभं राहून बोलायची वेळ आली तेव्हा मराठीत विचार करून त्याचं इंग्रजी करत बसायची गरज त्यांना पडत नसे. वाक्य इंग्रजीतच तयार होऊन यायचं.

आपली अडचण बहुतेक वेळा इथेच असते. इंटरव्ह्यूमध्ये अडखळतो तेव्हा आपल्याला वाटतं की ॲक्सेंट वाईट आहे. खरं तर वाक्य तयार नसतं. जीभ थांबते कारण डोकं थांबलेलं असतं.

उच्चार एक, ॲक्सेंट दुसरा

इथे थोडं थांबून दोन शब्द वेगळे करू, कारण जाहिराती ते मुद्दाम एकत्र करतात.

उच्चार म्हणजे शब्दाचा आवाज इतका नेमका असणं की ऐकणाऱ्याला तोच शब्द कळेल. ॲक्सेंट म्हणजे तुम्ही कुठून आलात याचा आवाजावर राहिलेला ठसा. कानपूरच्या माणसाचं इंग्रजी वेगळं लागतं, कोल्हापूरच्या माणसाचं वेगळं, आणि लंडनच्या माणसाचं ग्लासगोच्या माणसापेक्षा वेगळं. ॲक्सेंट नसलेला माणूस जगात नाही.

मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या दोन संशोधकांनी 1995 मध्ये हे मोजून दाखवलं. इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांचं बोलणं त्यांनी इंग्रज भाषकांना ऐकवलं आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या: ॲक्सेंट किती जाणवतो, समजायला किती कष्ट पडतात, आणि शब्द प्रत्यक्षात किती कळले. निष्कर्ष असा की ॲक्सेंट जड वाटला तरी शब्द जवळजवळ सगळे कळलेले असू शकतात. म्हणजे ॲक्सेंट जाड असणं आणि न समजणं ही एकच गोष्ट नाही.

मग मराठी माणसाच्या इंग्रजीत न समजण्याची जागा नेमकी कुठे असते? चार मुख्य जागा सांगतो.

पहिली, श्वासाचा झोत. इंग्रजीत 'पिन', 'टाइम', 'किंग' अशा शब्दांच्या सुरुवातीला प, ट, क बरोबर हवेचा छोटा झोत बाहेर पडतो. आपला प कोरडा असतो. त्यामुळे आपला 'पिन' इंग्रज कानाला कधी कधी 'बिन' लागतो. ओठांसमोर पातळ कागद धरून म्हणून बघा. कागद हलला पाहिजे.

दुसरी, जीभ. आपला ट आणि ड म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजी टी आणि डीला ते वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर लागतं. हा फरक ॲक्सेंट दाखवतो, पण त्याने अर्थ सहसा अडत नाही. म्हणून यावर सगळ्यात शेवटी वेळ घालवा.

तिसरी, व आणि व्ह. मराठी लिखाणात आपण 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन असा फरक करतो, पण बोलताना दोन्ही एकच होतात. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. डब्ल्यूसाठी ओठ गोल होतात, दात कुठेच लागत नाहीत. आरशात पाहून दोन दिवसांत जमेल.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची: जोर. मराठीत आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, पण 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' असा काहीसा होतो. 'डेव्हलप' आपण डे वर जोर देऊन म्हणतो, खरा जोर व्हे वर असतो. जोर चुकला की सगळे आवाज बरोबर असूनही समोरचा गोंधळतो.

शिकवता शिकवता पक्कं झालेलं इंग्रजी

पुन्हा गोखल्यांकडे येऊ. बी.ए. झाल्यावर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. सोसायटीचं फर्ग्युसन कॉलेज 1885 मध्ये सुरू झालं होतं. तिथे त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. अंकगणितावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक शाळांमध्ये खूप चाललं.

त्याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे भेटले. रानड्यांनी या तरुण प्राध्यापकाला अक्षरशः कामाला लावलं. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं संपादन, सरकारला पाठवायचे अर्ज, अर्थसंकल्पाचे आकडे, सरकारी अहवालांचे ढीग. लिहून आणायचं, रानडे तपासणार, पुन्हा लिहायचं. आमच्या क्षेत्रात याला कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि ज्याचा कोड कडक माणसाने तपासलाय तो दोन वर्षांत बाकीच्यांच्या पुढे जातो. आगरकरांच्या 'सुधारक'चा इंग्रजी भागही काही काळ गोखले सांभाळत होते.

इंग्रजी सुधारण्यासाठी म्हणून त्यांनी हे केलं नाही. पण कामापुरतं, रोज, कुणीतरी तपासेल अशा पद्धतीने इंग्रजी वापरल्यामुळे ते सुधारलं.

लंडन, 1897

1897 मध्ये खरी परीक्षा आली. हिंदुस्थानातल्या सरकारी खर्चाची चौकशी करायला इंग्लंडमध्ये वेल्बी कमिशन बसलं होतं. साक्ष द्यायला हिंदुस्थानातून जे गेले त्यांत दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर होते, आणि 30 वर्षांचे गोखले. प्रवासात कॅले इथे पडून त्यांच्या छातीला जबर मार बसला. तशाच अवस्थेत ते लंडनला पोचले आणि एप्रिलमध्ये कमिशनसमोर बसले.

कल्पना करा. समोर अनुभवी ब्रिटिश अधिकारी. प्रश्न उलटसुलट, विषय लष्करी खर्च, रेल्वे, विनिमय दर. पुण्याचा प्राध्यापक दोन दिवस उत्तरं देत होता. छापील साक्षीत आज आपल्याला त्यांचा ॲक्सेंट दिसत नाही. दिसतात ते आकडे आणि युक्तिवाद. कमिशनला खोडायचे होते ते आकडेच, आणि तिथेच गोखले पक्के होते.

पण याच दौऱ्यातला दुसरा प्रसंग सांगितला नाही तर गोष्ट अर्धी राहील. पुण्यात प्लेग होता आणि सैनिकांकडून घरांची झडती घेतली जात होती. त्यात अत्याचार झाल्याची पत्रं पुण्याहून गोखल्यांना गेली. त्यांनी ते आरोप इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रातून जाहीर केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. इकडे लोकांनी त्यांना भित्रा ठरवलं, आणि ती टीका त्यांना बरीच वर्षं सोसावी लागली.

अस्खलित इंग्रजी जवळ असूनही त्या वेळी ते कामाला आलं नाही, कारण विधानामागे उभा राहणारा साक्षीदार नव्हता. यानंतर गोखले आकड्याशिवाय बोलले नाहीत म्हटलं तरी चालेल. 1902 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पहिल्याच अर्थसंकल्पावर ते बोलले तेव्हा सगळे शिलकीचं कौतुक करत होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की ही शिलक गरिबावर जास्त कर बसवून आली आहे. मिठावरचा कर कमी करा अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि 1907 पर्यंत एक रुपयावर. या मागणीत इतर नेतेही होतेच. पण गोखल्यांचं अर्थसंकल्पावरचं भाषण म्हणजे सरकारला तयारी करून बसावं लागणार, हे तेव्हापासून ठरून गेलं.

1905 मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दौरा करून सभा घेतल्या, आणि बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले.

गांधीजी आणि बेल कुटुंबाचं पुस्तक

आता एक छोटा फाटा घेऊ, कारण पुढच्या प्रसंगासाठी तो लागणार आहे.

1888 मध्ये मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला. सुरुवातीला त्याला इंग्रज जंटलमन व्हायचं होतं. उंची कपडे, नाचाचे क्लास, व्हायोलिन, आणि सफाईने बोलण्याची शिकवणी. त्या शिकवणीसाठी त्याने जे पुस्तक विकत घेतलं ते बेल यांचं वक्तृत्वाचं पुस्तक. डेव्हिड बेल आणि अलेक्झांडर मेलव्हिल बेल या दोन भावांनी ते तयार केलं होतं. यातले मेलव्हिल बेल म्हणजे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचे वडील. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारशास्त्राचाच धंदा होता. माणसाच्या तोंडातून आवाज कसा निघतो हे दाखवणारी एक लिपीही मेलव्हिल बेलनी बनवली होती. आवाजाच्या अशा अभ्यासातूनच त्यांचा मुलगा टेलिफोनपर्यंत पोचला.

गांधीजींनी हा नाद साधारण तीन महिन्यांत सोडला. आपण इथे शिकायला आलोय, आयुष्य काही इंग्लंडमध्ये काढायचं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय.

दक्षिण आफ्रिकेत गोखले मराठीत बोलले

ऑक्टोबर 1912 मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या हिंदी लोकांची अवस्था बघायची आणि सरकारशी बोलायचं हा उद्देश. गांधीजी पूर्ण दौऱ्यात त्यांच्याबरोबर होते. गोऱ्या लोकांपुढची भाषणं अर्थात इंग्रजीत झाली, आणि त्यांसाठी गोखल्यांनी एकेक शब्द तोलून तयारी केली.

पण एका सभेआधी गांधीजींनी त्यांना वेगळीच विनंती केली: इथे तुम्ही मराठीत बोला. कारण साधं होतं. ऐकणाऱ्यांमध्ये कोकणी मुसलमान होते आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू. भिवंडी-कल्याणपासून रत्नागिरीपर्यंत हा कोकणी मुसलमान समाज पूर्वीपासून आहे. माझ्या वडप्याच्या शेजारची भिवंडी तर त्यांचं जुनं घर. त्या लोकांना आफ्रिकेत आपला कोकणातला माणूस भेटत होता.

गांधीजी म्हणाले, तुमच्या मराठीचं हिंदुस्थानी भाषांतर मी करतो. गोखल्यांना हसू आवरेना. गांधीजींचं हिंदी कसं आहे ते त्यांनी ऐकलं होतं, आणि आता हा माणूस मराठीतून भाषांतर करायला निघाला होता. गांधीजींनी सरळ सांगून टाकलं की मला मराठी बोलता येत नाही, पण विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं मला कळेल आणि ते मी लोकांना चुकीचं सांगणार नाही. गोखले हसत हसत तयार झाले. त्यानंतर झांझिबारपर्यंत अशा सभांमध्ये ते मराठीतच बोलले आणि गांधीजी भाषांतर करत राहिले.

मला हा प्रसंग गोखल्यांच्या सगळ्या इंग्रजी भाषणांपेक्षा जास्त आवडतो. ज्या माणसाचं इंग्रजी व्हाइसरॉयला ऐकावं लागायचं, तो परदेशात, मोठ्या दौऱ्यावर, मराठीत बोलायला लाजला नाही. ऐकणारा कोण आहे हे पाहून भाषा ठरली. आणि भाषांतर करणाऱ्याकडे उच्चार नव्हता, व्याकरण नव्हतं, पण विषय पक्का होता, म्हणून काम झालं.

याच दौऱ्यात नोव्हेंबरमध्ये गोखले प्रिटोरियाला जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांना भेटले. करार संपलेल्या हिंदी मजुरांवरचा 3 पौंडांचा जाचक कर जाईल असा त्यांचा समज करून दिला गेला. सरकारने तो शब्द पाळला नाही. 1913 मध्ये हजारो मजुरांनी संप केला, तुरुंगवास सोसला, आणि 1914 मध्ये कर रद्द झाला. म्हणजे उत्तम इंग्रजीला मर्यादा होती, आणि जिथे ती आली तिथून पुढचं काम इंग्रजी न येणाऱ्या मजुरांनी केलं.

मशीनच्या कानाचं काय?

तुम्ही म्हणाल, गोखल्यांच्या समोर माणसं होती. आम्हाला फोनशी बोलावं लागतं. व्हॉइस टायपिंग आमचं इंग्रजी चुकीचं लिहितं, मग ॲक्सेंट बदलायला नको का?

आधी फोन काय करतो ते बघू. तुमचा आवाज तो सेकंदाला साधारण 16,000 वेळा मोजतो. मग त्याचे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत याचं एक चित्र बनवतो. न्यूरल नेटवर्क ते चित्र पाहून अंदाज करतं की कुठले शब्द असावेत, आणि आजूबाजूचे शब्द पाहून अंदाज सुधारतं. हा अंदाज ट्रेनिंगमध्ये ऐकलेल्या आवाजांवर अवलंबून असतो. ओपनएआयचं 2022 मधलं व्हिस्पर मॉडेल 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवलं होतं. त्यात जे आवाज जास्त, ते त्याला जास्त कळतात.

म्हणून मशीन चुकतं तेव्हा दोष दर वेळी बोलणाऱ्याचा नसतो. 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी 19 चुका झाल्या, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात 35. ही माणसं जन्मापासून इंग्रजीच बोलत होती. त्यांचं इंग्रजी कच्चं नव्हतं, मशीनचं ऐकणं अपुरं होतं.

म्हणून एखादं ॲप तुमच्या उच्चाराला शंभरपैकी 62 गुण देतं, तेव्हा ते बहुतेक वेळा तुमचा आवाज त्याच्याकडच्या नमुन्याच्या किती जवळ आहे ते मोजत असतं. समोरच्या माणसाला तुमचं बोलणं कळलं का, हे त्या आकड्यात नसतं.

फोनवर हे करून बघा

गोखल्यांकडे नव्हतं ते सगळं आपल्या खिशात आहे. पद्धत त्यांची घ्या, साधन आपलं.

तुमच्या कामातला विषय घ्या: गोदामातला स्टॉक कसा मोजतात, तुमचा कॉलेज प्रोजेक्ट, काहीही. त्यावर चांगल्या इंग्रजीत बोलणाऱ्या एखाद्या माणसाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ शोधा. भारतीय माणूस असेल तर उत्तमच. स्पीड 0.75 वर ठेवून ऐका, जोर कुठे पडतो ते खुणा करत लिहून काढा, आणि ती दोन मिनिटं पाठ करा. आठवड्याला एक तुकडा पुरे.

मग फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःचं बोला आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज विचित्र वाटतो, कारण एरवी तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो. दोन-तीन दिवसांत सवय होते.

मग तेच व्हॉइस टायपिंगला ऐकवा. सेटिंगमध्ये इंग्रजी भारत हा पर्याय निवडा. जो शब्द पुन्हा पुन्हा चुकतो तो डिक्शनरीत ऐकून तपासा: झोत, व्ह की व, आणि जोर. तुमचं बरोबर असेल तर पुढे जा, मशीनची समजूत काढत बसू नका. शेवटी एखाद्या मित्राला ऐकवा आणि काय कळलं ते मराठीत सांगायला लावा. खरी टेस्ट ती. आणि तोच मुद्दा आधी मराठीत नीट मांडता येतो का तेही बघा. मराठीतच गोंधळ असेल तर इंग्रजीवर वेळ घालवून उपयोग नाही.

शेवटची वर्षं

गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्या वर्षीच्या जनगणनेप्रमाणे हिंदुस्थानात शंभरातल्या जेमतेम सहा जणांना लिहिता-वाचता येत होतं. 1912 मध्ये ते विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. कायदेमंडळातलं त्यांचं सगळं काम इंग्रजीत चाललं, पण तिथे त्यांनी मागितलं ते ज्यांना कुठलीच अक्षरं येत नव्हती त्यांच्यासाठी. 1914 मध्ये सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला.

तब्येत 1897 पासून कधी पूर्ण सुधारली नाही. मधुमेह आणि हृदयाचा त्रास वाढत गेला. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात ते गेले. वय 48.

त्यांनी पुण्यात काम केलं त्या भारत सेवक समाजाच्या आवारात आज गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. फर्ग्युसन रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्याला गेलात तर बघून या. आणि पुढच्या वेळी इंटरव्ह्यूचा कॉल आला तर लांब जाऊ नका. जिथे बसला असाल तिथेच बोला.